अहिंसेमुळे कोण मेले?

सध्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो आहे. माझ्याकडे तो आतापर्यंत चार ठिकाणांहून आला. पाठवणाऱ्यांत दोघे घरचेच आहेत, एक माझा जुना विद्यार्थी आहे, आणि चौथे गृहस्थ रोज सकाळी सुप्रभात पाठवतात ते. मजकुराचा सारांश असा : प्रशांत महासागरातल्या एका बेटावर मोरिओरी नावाचे लोक राहत असत. ते अहिंसा पाळत. शेजारचे लढवय्ये आले, त्यांनी यांना कापून काढले, आणि आज पृथ्वीच्या पाठीवर एकही मोरिओरी शिल्लक नाही. खाली ठळक अक्षरांत तात्पर्य दिलेले आहे : अहिंसा पाळणारे नामशेष होतात. जागे व्हा!

आता जागे तर आम्ही पहाटे साडेचारपासूनच असतो, त्यामुळे वाचायला वेळ होता. चौतीस वर्षे इतिहास शिकवल्यामुळे एक खोड लागलेली आहे. कुणी गोष्टीखाली इतक्या घाईने तात्पर्य लिहिले की गोष्टच पुन्हा तपासून पाहावीशी वाटते. ती तपासली, आणि जे दिसले ते इथे लिहीत आहे. पुतण्यांनो, तुम्हीही वाचा. रागावू नका, पण सोडणारही नाही.

पहिली गोष्ट, मोरिओरी नामशेष झालेले नाहीत. ते आजही आहेत, त्यांची संस्था आहे, त्यांचे सभागृह आहे, आणि न्यूझीलंडच्या सरकारशी त्यांनी २०२० साली करार केला. त्या कराराचा २०२१ मध्ये कायदा झाला. म्हणजे ज्या वाक्यावर सगळे तात्पर्य उभे आहे ते वाक्यच खोटे. पण एवढ्यावर थांबलो तर 'तपशिलाची चूक काढलीत, मुद्द्याचे काय?' असे तुम्ही म्हणाल. म्हणून मुद्द्यावरच येतो.

न्यूझीलंडच्या पूर्वेला सुमारे आठशे किलोमीटरवर चॅटम नावाची बेटे आहेत. मोरिओरी त्यातल्या मोठ्या बेटाला रेकोहू म्हणतात. सतत वारा, थंडी, आणि पोटासाठी समुद्र : मासे, शिंपले, सील, पक्षी. मोरिओरी हे मूळचे पॉलिनेशियन लोक, कित्येक शतकांपूर्वी होड्यांतून इथे आलेले. सुरुवातीला त्यांच्यातही टोळ्या होत्या आणि मारामाऱ्या होत्या. मग, त्यांची परंपरा सांगते, नुनुकु-व्हेनुआ नावाच्या त्यांच्या एका पूर्वजाने नियम घालून दिला की माणसाने माणसाला मारायचे नाही. भांडण झालेच तर अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीने लढावे, आणि पहिले रक्त दिसले की थांबावे. बस्स, तिथे भांडण संपले.

हा नियम भाबडेपणातून आला असे ज्याला वाटते त्याने जरा त्या बेटाचा विचार करावा. लहान जागा, माणसे दोन हजारांच्या आसपास, पळून जायला जागा नाही. अशा ठिकाणी सुडाची साखळी सुरू झाली तर दोन-तीन पिढ्यांत बेट ओस पडेल. म्हणजे हा नियम जगण्याच्या अनुभवातून आलेला होता, आणि तो त्यांनी शेकडो वर्षे पाळला. आपल्याकडे बांधाच्या वीतभर जागेवरून सख्खे भाऊ कोयते काढतात. तेव्हा भाबडे कोण, हे एकदा ठरवायला हवे.

१७९१ साली ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचे जहाज तिथे आले. किनाऱ्यावर काही झटापट झाली आणि तामाकारोरो नावाचा मोरिओरी गोळी लागून मेला. यावर मोरिओरींनी सूड घेण्याची तयारी केली नाही. त्यांनी बसून विचार केला आणि ठरवले की यापुढे कुणी परके आले तर त्यांचे शांततेच्या खुणांनी स्वागत करायचे. त्यानंतर सीलची शिकार करणारे गोरे आले. त्यांनी सील संपवले आणि रोग आणले. त्या रोगांनी कितीतरी माणसे गेली. आता मला सांगा, गोवराला आणि इन्फ्लुएन्झाला भाल्याने अडवता आले असते का?

मग १८३५ साल आले. न्यूझीलंडच्या मुख्य भूमीवरच्या न्गाती मुतुंगा आणि न्गाती तामा या दोन माओरी जमातींचे सुमारे नऊशे लोक 'रॉडनी' नावाच्या जहाजाच्या दोन खेपांत रेकोहूवर उतरले. त्यांच्याकडे बंदुका होत्या. पहिल्या खेपेतले लोक समुद्रप्रवासाने गळून गेलेले होते. मोरिओरींनी त्यांची शुश्रूषा केली. थोड्याच दिवसांत ते लोक बेटभर हिंडून 'ही जमीन आमची' असे सांगू लागले.

तेव्हा ते आवापातिकी या ठिकाणी मोरिओरींची सभा भरली. सुमारे हजार पुरुष जमले होते असे सांगतात. व्हॉट्सॲपच्या मजकुरात ही सभा नाही, आणि मला तर सगळ्या गोष्टीत हीच सर्वांत महत्त्वाची वाटते. तरुण म्हणाले, नुनुकूचा नियम आपल्या आपल्यात पाळण्यासाठी होता, परक्यांसाठी नव्हे; आपण संख्येने जास्त आहोत, लढू या. तापाता आणि तोरेआ या दोन ज्येष्ठांनी सांगितले की हा नियम सोयीचा डावपेच नाही, तो आपला धर्म आहे, आणि तो मोडला तर आपण आपण राहणार नाही. शेवटी ठरले की आलेल्यांना शांती, मैत्री आणि बेटावरच्या उत्पन्नात वाटा देऊ करायचा. पण हा देकार पोचवायच्या आधीच, लोक आपापल्या वस्त्यांवर परतल्यावर, हल्ला झाला.

पुढचे मी थोडक्यात सांगतो, कारण ते रंगवून सांगण्यात मला रस नाही. बायका-मुलांसकट माणसे मारली गेली. उरलेल्यांना गुलाम केले. आपापसांत लग्न करायची बंदी झाली. १८६२ साली, म्हणजे सत्तावीस वर्षांनी, मोरिओरी ज्येष्ठांनी गव्हर्नर जॉर्ज ग्रे याला अर्ज केला. त्या अर्जासोबत एक यादी होती. १८३५ साली जिवंत असलेल्या प्रत्येक मोरिओरीचे नाव त्यात होते, एकूण १,६६३ नावे, आणि कोणाचे काय झाले त्याच्या खुणा. मी आयुष्यभर हजेरीपट लिहिले, म्हणून असेल, पण ही यादी वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्याप्रमाणे २२६ जणांना ठार मारले. १,३३६ जण खचून मेले. गुलामीत जगण्याची इच्छाच संपली. आणि १०१ उरले.

हे आकडे पुन्हा पाहा. हल्ल्यात मेले त्याच्या जवळजवळ सहापट माणसे नंतर मेली. त्यांना अहिंसेने मारले म्हणायचे, की गुलामीने? घरात चोर शिरला, त्याने घरमालकाला डांबून उपाशी मारले, आणि गावाने निष्कर्ष काढला की घरमालक सज्जन होता म्हणून मेला! याला काय म्हणावे? खून करणारा राहिला बाजूला, आणि मेलेल्याच्या चारित्र्यात दोष सापडला.

आता त्या मजकुराच्या तात्पर्याला सरळ प्रश्न विचारतो. शस्त्र असेल तर माणूस वाचतो, असे तुमचे म्हणणे आहे ना? मग हे हल्लेखोर स्वतः बेटावर का आले, ते विचारा. ते मूळचे तारानाकी भागातले. अतिशय लढवय्ये. पण त्यांच्यापेक्षा जास्त बंदुका असलेल्या वायकातोकडच्या जमातींनी त्यांना त्यांच्या भूमीवरून हुसकावले होते. म्हणजे शस्त्रधारीच निर्वासित होऊन आले होते! आणि पुढे १८६० च्या दशकात तारानाकीच्या माओरींनी इंग्रजांशी शस्त्राने झुंज दिली तेव्हा सरकारने त्यांच्या विस्तीर्ण जमिनी जप्त केल्या. शस्त्र हे विम्याचे कागद नव्हेत. तुमच्यापेक्षा मोठे शस्त्र असलेला कुणीतरी नेहमीच असतो.

आणखी एक गोष्ट. १८४२ पासून चॅटम बेटे इंग्रजी राज्यात होती. तरी गुलामी संपायला १८६३ उजाडले. मग १८७० मध्ये जमीन न्यायालय बसले. मोरिओरींनी न्यायालयात आपला हक्क मांडला. तोवर न्गाती मुतुंगांपैकी बहुतेक जण तारानाकीला परत गेलेलेही होते. तरीसुद्धा न्यायालयाने १८४० च्या आधीचा विजय ग्राह्य धरून सत्त्याण्णव टक्क्यांहून अधिक जमीन जिंकणाऱ्यांना दिली. मोरिओरींना तीन टक्केसुद्धा मिळाली नाही. हा निकाल कोटटाय घातलेल्या, कायदा शिकलेल्या माणसांनी दिला. मोरिओरींचे बेट खऱ्या अर्थाने गेले ते त्या दिवशी.

मग 'नामशेष' ही थाप आली कुठून? तेही मनोरंजक आहे. मोरिओरी ही माओरींच्या आधी न्यूझीलंडमध्ये राहणारी, हलक्या प्रतीची वेगळीच जमात होती आणि माओरींनी तिला हुसकावले, अशी कथा गोऱ्या वसाहतवाल्यांत पसरली. १९१६ साली ती तिथल्या शाळकरी मुलांच्या सरकारी मासिकातही छापली गेली. पिढ्यान् पिढ्या मुलांनी ती पाठ केली. कथेचा फायदा उघड आहे : माओरींनी दुबळ्यांना हटवले, आता आम्ही माओरींना हटवले, जगाची रीतच आहे. टॉमी सॉलोमन नावाचे गृहस्थ १९३३ साली वारले तेव्हा 'शेवटचा मोरिओरी गेला' असे जाहीर करून टाकले. त्यांना मुलेबाळे होती, पण ती शुद्ध रक्ताची नाहीत म्हणून मोजायची नाहीत! मंडळी, ज्या थापेने एका साम्राज्याने आपली चोरी झाकली, तीच थाप आज आपण 'जागे व्हा' म्हणून एकमेकांना पाठवतो आहोत. ज्यांच्यावर दीडशे वर्षे कुणी दुसऱ्याने राज्य केले त्यांनी तरी हे करू नये.

इथे कुणी म्हणेल, "काका, ते सगळे ठीक, पण मोरिओरी हरलेच ना?" हो, हरले. मी ते नाकारत नाही. पण त्यांच्या वाट्याला प्रतिकार करायला वेळच आला नाही, हेही लक्षात घ्या. मारायचे नाही हा एक नियम झाला. न मारता राज्य करणे अशक्य करून सोडायचे ही वेगळी विद्या आहे. तिला संघटना लागते, शिस्त लागते, वर्षे लागतात. ती विद्या पाहायची तर त्याच महासागरात सामोआला चला. तुमच्या मजकूरवाल्याला सामोआ कधी सापडत नाही, हा योगायोग नव्हे.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये न्यूझीलंडने जर्मनांकडून सामोआ घेतले. १९१८ च्या नोव्हेंबरात 'तालुने' नावाचे जहाज ऑकलंडहून आपिया बंदरात आले. जहाजावर इन्फ्लुएन्झाचे रोगी होते. त्यांना अलग ठेवले नाही, उतरू दिले. काही आठवड्यांत सुमारे साडेआठ हजार माणसे मेली, म्हणजे पाच माणसांत एकाहून जास्त. शेजारच्या अमेरिकन सामोआत विलगीकरण कडक पाळले, तिथे त्या साथीने एकही मेला नाही. कोविडनंतर हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. सामोआचे लोक हे कधी विसरले नाहीत.

पुढे रिचर्डसन नावाचा प्रशासक आला. हा माणूस लोकांच्या पदव्या काढून घेई आणि त्यांना आपल्या गावातून हद्दपार करी. तुपुआ तामासेसे लेआलोफी नावाचे एक तरुण सरदार होते. त्यांच्या घराच्या जागेतले जास्वंदीचे कुंपण काढा, असा १९२४ साली हुकूम झाला. त्यांनी काढले नाही. झाले, पदवी गेली आणि हद्दपारी आली. जास्वंदीच्या कुंपणापायी! सत्ता माजली की ती कुठल्या थराला जाते याचे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

१९२६-२७ मध्ये 'माउ' ही चळवळ उभी राहिली. माउ म्हणजे ठाम मत, घट्ट धरून राहणे. ओलाफ नेल्सन हे व्यापारी तिचे एक पुढारी. लोकांनी कर देणे थांबवले. खोबऱ्याचा व्यापार हा तिथल्या महसुलाचा कणा, तर नारळ झाडाखाली तसेच पडू दिले. मुलांना सरकारी शाळांतून काढले. सरकारी समित्यांवर कुणी जाईना. निळी लुंगी आणि तिच्यावर पांढरा पट्टा हा त्यांचा गणवेश. नेल्सनना देशाबाहेर काढले, तरी चळवळ थांबली नाही. जिनिव्हाला राष्ट्रसंघाकडे अर्ज गेला, त्यावर जवळजवळ आठ हजार सह्या होत्या. सगळ्या सामोआची लोकसंख्या तेव्हा चाळीस हजारांच्या आसपास, हे ध्यानात घ्या. १९२८ च्या आरंभी युद्धनौका बोलावून सुमारे चारशे जणांना पकडले, तर तुरुंगात जागा पुरेना. आणखी लोक आपण होऊन अटकेला येऊ लागले. शेवटी सरकारनेच कंटाळून सोडून दिले.

मग २८ डिसेंबर १९२९ चा शनिवार. हद्दपारीतून परतणाऱ्यांच्या स्वागताला आपियात मिरवणूक निघाली. पोलीस एका कार्यकर्त्याला पकडायला घुसले. झटापट झाली, दगड आले, पोलिसांनी पिस्तुले चालवली, आणि पाठोपाठ पोलीस ठाण्यावरून मशीनगन. तामासेसे पुढे होऊन आपल्याच लोकांना 'शांत राहा' म्हणून ओरडून सांगत होते. त्यांना गोळी लागली. उचलायला धावलेल्यांनाही लागल्या. एकूण अकराच्या आसपास सामोअन माणसे गेली. एक गोरा शिपाईही जमावाच्या हातून मेला. ते लपवायचे कारण नाही, शिस्त त्या क्षणी तुटली. तामासेसे दुसऱ्या दिवशी वारले, वय अठ्ठावीस. मरताना त्यांनी एकच सांगितले, माझ्या रक्ताचा सूड घेऊ नका, शांतता राखा.

आणि लोकांनी ती राखली! हा मुद्दा मजकूरवाल्यांनी चष्मा लावून वाचावा. ज्या समाजात लढाईची परंपरा होती, ज्यांचे सरदार लढवय्ये म्हणून नावाजलेले होते, त्यांनी आपला नेता पडलेला पाहून सूड घेतला नाही. मशीनगनला उत्तर म्हणून बंदुका काढल्या असत्या तर न्यूझीलंडला आनंदच झाला असता, आठवड्याभरात विषय संपला असता. पुरुष रानात गेले, नौसैनिक त्यांना शोधत हिंडले, तेव्हा तामासेसेंच्या पत्नी आला तामासेसे आणि इतर बायकांनी चळवळ आपल्या हाती घेतली. १९३५ साली न्यूझीलंडमध्ये मजूर पक्षाचे सरकार आले, त्याने १९३६ मध्ये माउला मान्यता दिली. १ जानेवारी १९६२ रोजी सामोआ स्वतंत्र झाला, पॅसिफिकमधल्या बेटांत पहिला. त्या दिवशी जे दोघे संयुक्त राष्ट्रप्रमुख झाले, त्यांपैकी एक होते तामासेसेंचे भाऊ. आणि २००२ च्या जून महिन्यात न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी आपियात येऊन साथीबद्दल आणि त्या शनिवारबद्दल माफी मागितली.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मीही व्हॉट्सॲपच ठरेन. निःशस्त्र प्रतिकार नेहमी यशस्वी होतो असे नाही. सामोआला माउपासून स्वातंत्र्यापर्यंत पस्तीस वर्षे लागली, आणि समोरच्या देशात निवडणुका होत्या, वर्तमानपत्रे होती, लाज वाटणारे लोक होते. आपल्या गोव्याच्या सीमेवर १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही पोर्तुगीज गोळ्यांनी पडले. सालाझारला कुणाची मते मागायची नव्हती, त्यामुळे त्याला लाजही नव्हती. गोवा शेवटी १९६१ च्या डिसेंबरात सैन्याने मोकळा केला. हे मला मान्य आहे. ज्याला वाद घालायचा असेल त्याने इथून घालावा : कुठे चालते, कुठे चालत नाही, कशामुळे. हा शहाण्यांचा वाद आहे. पण 'अहिंसा पाळणारे मरतात' हे वाक्य त्या वादात उभेसुद्धा राहू शकत नाही, कारण हिंसा करणारेही मरतात, आणि कितीतरी जास्त मरतात. पानिपतावर आपण काय सूत कातायला गेलो होतो?

मला खरी चीड कशाची येते ते सांगतो. वर्गात एक मुलगा दुसऱ्याला मारतो, दुसरा उलट मारत नाही, आणि बाकीची मुले मार खाणाऱ्याला हसतात. शिक्षक म्हणून तुमची पारख तिथे होते. तुम्ही मारणाऱ्याचा हात धरता, की मार खाणाऱ्याला 'भित्रा' म्हणता? हा मजकूर पुढे पाठवणारा प्रत्येक जण हसणाऱ्या मुलांत सामील होतो आहे. आणि त्याला वाटते आहे की आपण देशाला जागे करतो आहोत.

२००५ साली रेकोहूवर मोरिओरींचे सभागृह उभे राहिले, कोपिंगा त्याचे नाव. १८६२ च्या त्या यादीतली नावे आता तिथल्या मधल्या खांबावर कोरलेली आहेत. ज्यांना जगाने 'संपले' म्हणून सांगितले त्यांची नातवंडे-पतवंडे त्या खांबाभोवती जमतात, आणि नुनुकूचा नियम आजही आपला मानतात. जे भोगले त्यानंतरही! हे लोक मूर्ख होते असे म्हणायची माझी तरी छाती नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच की तो मजकूर पुन्हा आला तर पुढे ढकलू नका, पाठवणाऱ्याला हा लेख पाठवा. ज्यांना माझे म्हणणे पटले नसेल त्यांनी खाली जरूर लिहावे, उत्तर देईन. टायपिंगचा वेग कमी आहे, पण वेळ भरपूर आहे. आणि पुतण्यांनो, दिवाळीला येणार आहात ना? तेव्हा हा वाद समोरासमोर बसून घालू. चकल्या असतील, काठ्या नसतील.